एक धड ब्रेड

सोमवार, ३

सवयीने वर 'मित्रांनो' लिहिलं. मग खोडलं. इथे मित्र कोणी नाहीत, वही आहे आणि मी आहे.

डायरी लिहायला डॉक्टरबाईंनी सांगितलं. झोप लागते का, म्हणाल्या. लागते. भूक? लागते. मग त्रास काय होतो? म्हटलं, त्रास होत नाही, तोच त्रास आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, लिहावंसं वाटलं नाही तर नका लिहू. इतकं सोपं औषध मला आजवर कोणी दिलेलं नाही.

बायको जाऊन महिना होऊन गेला. वारली नाही. दुसऱ्या शहरात नोकरी घेतली आणि परत येणार नाही असं सांगून गेली. हे लोकांना नीट सांगावं लागतं. नाहीतर ते चेहरा पाडतात आणि मग मलाच त्यांचं सांत्वन करावं लागतं.

ती गेली आणि तिचे वडील राहिले. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा आम्हीच त्यांना इकडे आणलं होतं. स्वयंपाकघरातली खिडकीजवळची खुर्ची त्यांची, रेडिओ त्यांचा, बाथरूममधला खालचा कप्पा त्यांचा. जाताना तिने त्यांचीही बॅग भरायला घेतली होती. ते म्हणाले, "तू हो पुढे. यांना पाणीसुद्धा उकळता येत नाही. असं टाकून मी येणार नाही. आधी एक धड ब्रेड करून दाखवू देत, मग येतो."

ब्रेडच का, तर ओट्यावर ब्रेडचं मशीन होतं आणि त्यांची नजर त्याच्यावर गेली म्हणून. मशीन तिचं. नेलं नाही. जड होतं, म्हणाली.

बुधवार, ५

आज केला.

पुस्तिकेत लिहिलं आहे तसं: आधी भांड्यात पाणी आणि तेल, मग मैदा, एका कोपऱ्यात मीठ, दुसऱ्या कोपऱ्यात साखर, आणि मैद्यात बोटाने खळगा करून त्यात यीस्ट. यीस्टला पाणी आणि मीठ दोन्ही आधीच लागता कामा नये. झाकण लावायचं, बटण दाबायचं. पुढचं सगळं मशीन करतं. मळतं, फुगू देतं, पुन्हा मळतं, भाजतं. माणसाने फक्त लुडबुड करायची नाही.

बाहेर आली ती वीट. टेबलावर ठेवली तर आवाज झाला.

बाबांनी (मी त्यांना बाबाच म्हणतो) ती हातात घेऊन तोलून पाहिली. "वक्ते, हा टाकू नका. बेडरूमचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावू."

ते मला वक्ते म्हणतात. मी बस डेपोत वेळापत्रकं लावतो आणि युनियनचा सरचिटणीस आहे. गेटवर सभा असली की बोलतो. पूर्वी ते 'जावईबापू' म्हणायचे. जावई म्हणजे दहावा ग्रह, म्हणायचे, आमच्या राशीला बोलका आलाय.

यीस्टची तारीख पाहिली. उलटून दोन वर्षं झाली होती. म्हणजे चूक माझी, मशीनची नाही. हे बरं झालं. चूक कळली की सुधारता येते.

मला हे लवकर जमवलं पाहिजे. माझी मतं सगळ्यांना ठाऊक आहेत. माणसाला बांधून ठेवणारी कुठलीही ड्यूटी, ज्यात त्याने हो म्हटलेलं नाही, ती वेठ आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हक्काच्या सुट्टीसाठी भांडलो. आणि माझ्याच घरात एक म्हातारा माणूस माझ्यासाठी अडकून पडला आहे, पोटच्या मुलीपासून लांब, बिनपगारी. हे चालणार नाही.

हे सगळं लिहिलं, पण लिहिताना काही वाटलं नाही. पूर्वी असं वाक्य लिहिलं की कानशिलं तापायची.

रविवार, ९

नवीन यीस्ट आणलं. वजनकाटाही आणला. कपाने मैदा मोजू नये, दाबून भरला की जास्त जातो, असं दुकानदार म्हणाला. सगळं मोजून घातलं. मीठ एक चमचा, वरून सुरीने सपाट केलेला. मिठाचा पत्र्याचा डबा खिडकीपाशी असतो, बाबांच्या हाताशी. ते चव बघायच्या आधी सगळ्यावर मीठ घालतात. ती रागवायची. मी रागवत नाही.

मशीन लावून दाढीला गेलो.

शेवटचा बीप झाला तेव्हा झाकण उघडलं. खाली भिजलेल्या मैद्याची पापडी, वर कोरडा मैदा, वरवर भाजलेला. मळलंच नव्हतं. भांड्याच्या तळाशी जे पातं बसवायचं असतं, ज्याने पीठ मळलं जातं, ते नव्हतं.

मी ते बसवलं होतं. बसवताना 'टक' झाल्याचं आठवतं.

बाबा म्हणाले, "अहो होतं असं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात लोक."

पातं चमच्यांच्या कप्प्यात सापडलं. धुतलेलं, पुसलेलं. मीच ठेवलं असणार. हल्ली विसरतो. परवा ऑफिसच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या.

दुपारी उकडलेली अंडी आणि बाजारचा ब्रेड. बाबांनी तीन स्लाइस खाल्ले. एरवी दोन खातात. मजेत होते. रेडिओबरोबर शीळ घालत होते.

बुधवार, १२

गेटसभा होती. डेपोचं कँटीन बंद करून तिथे नाणं टाकलं की पाकीट पडतं ते यंत्र बसवणार आहेत. विषय माझा. दहा वर्षांपूर्वी कँटीन आलं ते याच गेटवर माझ्या बोलण्याने, असं लोक म्हणतात.

स्टुलावर चढलो. समोर सगळे. पहिल्या पाळीचे जाणारे, दुसऱ्या पाळीचे येणारे. 'मित्रांनो' म्हटलं. पुढचं वाक्य तयार होतं. ते कुठे आहे तेही दिसत होतं, रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसासारखं. पण ते इकडे येईना.

लोक थांबले. कोणी हसलं नाही. मग वर्कशॉपचा फिटर पुढे झाला, मला हाताला धरून खाली घेतलं आणि स्वतः चढला. त्याला दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत. "आमचं कँटीन आम्हाला पाहिजे, आणि पाहिजे म्हणजे पाहिजे," एवढंच पाच-सहा वेळा म्हणाला. सभा झाली.

नंतर चहा पाजला त्याने. म्हणाला, "घसा बसला का?"

"नाही."

"मग?"

"माहीत नाही."

"घरी कोण आहे?"

"सासरे आहेत."

"कोणाचे?"

"माझेच."

तो बराच वेळ हसला. "अरे, बायको गेली आणि सासरा ठेवून गेली? लोक बायको गेली की फ्रिजसाठी भांडतात. तुझा घटस्फोट उलटाच." मग त्याला वाटलं मला लागलं असेल. म्हणाला, "सॉरी हं." मला लागलं नव्हतं. त्याला तसं सांगितलं तर तो आणखीच गप्प झाला.

शुक्रवार, १४

तिचा फोन. बाबांच्या गोळ्यांविषयी होता. मग विचारलं, "ब्रेड जमला का?"

"अजून नाही. या आठवड्यात जमेल."

"मला आता दोन खोल्या मिळाल्यात. खाली बाग आहे. बाबांना आवडेल."

म्हटलं, आवडेल.

मग ती म्हणाली, "तू आज बरा बोलतोयस."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्याशी बोलतोयस. एरवी तू घरात बोलायचास तेव्हा मला वाटायचं, माझ्यामागे दोनशे माणसं उभी आहेत आणि तू त्यांच्याशी बोलतोयस. मी मागे वळूनसुद्धा बघायची कधीकधी."

दोनशे माणसांसमोर मी चांगला बोलतो, हे तर तीच सांगायची सगळ्यांना.

बाबांना फोन दिला. ते बागेबद्दल 'हं, हं' म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "बागेत डास असतात."

रविवार, १६

आज सगळं बरोबर केलं. पातं बसवल्यावर हलवून पाहिलं. मळायला सुरुवात झाली तेव्हा झाकणाच्या काचेतून पाहत उभा राहिलो. पीठ आधी चिंध्यांसारखं फिरत होतं, मग एकत्र आलं, मग त्याचा गुळगुळीत गोळा झाला आणि भांड्याच्या भिंतींना थोपटत फिरू लागला. मशीन त्या धक्क्यांनी ओट्यावर तसूतसूने पुढे सरकतं, त्याला मागे ढकलावं लागतं. पाहत राहावंसं वाटलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही.

मग कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो. तिथे शेजारच्या बाई भेटल्या, पाण्याच्या टाकीचं सांगत बसल्या. खाली आलो तर मशीन बंद. पीठ फुगून झाकणाला टेकलेलं आणि कच्चं.

"लाइट गेले होते," बाबा म्हणाले. पेपर वाचत होते.

प्लग काढलेला होता. विचारलं तर म्हणाले, लाइट गेल्यावर मीच काढला, येताना झटका बसतो यंत्रांना. आगीच्या बंबावर काम केलेला माणूस, प्लगबद्दल त्यांचं ऐकावं. तेहतीस वर्षं अग्निशमन दलात होते. आमच्या घरात कुणी नुसती इस्त्री चालू ठेवून दाराशी गेलं तरी ओरडतात.

भिंतीवरचं विजेचं घड्याळ मात्र बरोबर वेळ दाखवत होतं. लाइट गेले की ते बाराला लुकलुकत बसतं. त्यांनीच लावलं असेल पुन्हा.

कच्चं पीठ फेकताना म्हटलं, "बाबा, तुम्हाला उगाच थांबावं लागतंय. वाईट वाटतं." खरं तर वाटत नव्हतं. वाटायला हवं म्हणून म्हटलं.

ते पेपरची घडी घालत म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे का वक्ते, आग विझली की सगळे बंब निघून जातात. पण एक माणूस मागे थांबतो. पाण्याचा पाइप घेऊन नुसता बसून राहतो. कधी रात्रभर, कधी दोन दिवस. वरून सगळं थंड दिसतं हो, पण आत धग असते. कुठल्या कोपऱ्यातून पुन्हा पेटेल, नेम नसतो. ती ड्यूटी कुणाला नको असायची. मी मागून घ्यायचो."

"का?"

"शांत असतं. आणि त्या घरातली माणसं येतात, राखेत काहीबाही शोधत. सोबतीला कुणी असलं तर बरं असतं."

त्यांच्या नोकरीच्या गोष्टी मला आवडतात. पण विषयाला सोडून असतात.

बुधवार, १९

रजा टाकली होती. बाबा डोळे तपासायला गेले, नवीन चष्मा घ्यायचा आहे. येतो म्हटलं तर नको म्हणाले. जाताना दारात दोनदा थांबले. "आज मशीन लावणार आहात?" विचारलं. म्हटलं, बघतो. ठरवलं नव्हतं.

ते गेले आणि मी लावलं.

काहीच वेगळं केलं नाही. तोच मैदा, तेच यीस्ट, मीठ सुरीने सपाट. कोमट पाणी, मनगटावर घालून पाहिलेलं. खुर्ची ओढून समोर बसलो. भाजायला लागल्यावर वास सुटला. आधी स्वयंपाकघरात, मग पुढच्या खोलीत, मग तिच्या रिकाम्या कपाटापर्यंत गेला असेल.

झाकण उघडलं तर वर आलेला होता. डोकं गोल, मधे बारीक चीर, रंग कपाटाच्या फळीसारखा, खमंग. भांडं उलटं करून हलवलं, ब्रेड जाळीवर उतरला. पातं त्याच्या पोटात अडकून आलं, ते काडीने काढलं. गरम असताना कापू नये, आत चिकट होतो, म्हणून थांबलो.

हात भाजला होता. भांडं फडक्याशिवाय धरलं होतं. संध्याकाळी फोड दिसला तेव्हा कळलं.

बाबा आले. नवीन चष्म्यातून त्यांनी आधी ब्रेड पाहिला. मग मला. मग पुन्हा ब्रेड. टोपी काढायला विसरले.

मी कापला. सुरी आत जाताना आवाज झाला, वाळक्या पानावर पाय पडल्यासारखा. आतून मऊ, जाळीदार. त्यांनी लोणी न लावता खाल्ला. मीठही घातलं नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"जमलं की हो," म्हणाले.

"जमलं."

"मी कळवतो तिला."

मग खोलीत गेले. रेडिओ लावला नाही.

शुक्रवार, २१

उरलेला अर्धा ब्रेड काल डेपोत नेला होता. फिटरने खाल्ला आणि विचारलं, कुठली बेकरी? सांगितलं. तो म्हणाला, "तू? तुला तर टायर आणि ट्यूब वेगळी ओळखता येत नाही." मग तुकडे करून सगळ्यांना वाटला. गेटवर सभा नव्हती, पण माणसं जमली होती म्हणून मी म्हटलं, "पहाटे कामावर येणाऱ्या माणसाला गरम खायला मिळालं पाहिजे." एवढंच. स्टुलावर चढलो नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तोंडं हलायची थांबली. एकाने मान डोलावली, मीही डोलावली.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, कळवलं का तिला? म्हणाले, फोन लागत नाही. काल विचारलं होतं तेव्हाही लागत नव्हता. मी माझ्या फोनवरून लावला, लगेच लागला.

"जमला," म्हटलं.

"खरंच?"

"बाबांनी तीन स्लाइस खाल्ले."

मग म्हणाली, "रविवारी येते. माझ्यासमोर एक कर. मग त्यांना घेऊनच जाते."

फोन ठेवला. मी माझ्या तत्त्वाप्रमाणे वागलो. ज्याला सोडायचं त्याला वेळेत सोडावं. बाबांना सांगितलं तेव्हा ते खिडकीतून खाली बघत होते. "बरं झालं," म्हणाले. "तुमचीही सुटका झाली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं झालं होतं तुमचं."

"तसं काही नाही."

"अहो, घोडं कधी स्वतःहून जातं का? कोणीतरी दोर धरावा लागतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणजे आधी हसले, मग थांबले.

शनिवार, २२

बाबांची बॅग माळ्यावरून काढून दिली. त्यांनी एकट्याने भरली. मी दाराशी उभा होतो. काही लागलं तर, म्हणून. काही लागलं नाही.

सामान कमीच. शर्ट, दोन स्वेटर, गोळ्यांचा डबा, सासूबाईंचा फोटो. दलातली पितळी शिट्टी त्यांनी हातात घेतली, शर्टाच्या बाहीला घासली, आणि माझ्यासमोर धरली. "ही ठेवा. धूर दिसला तर वाजवा."

"तुम्हाला ऐकू येणार आहे का तिकडे?"

"नाही," म्हणाले. "पण शेजारच्या बाई येतील. टाकीचं सांगायला."

रेडिओ पेपरात गुंडाळला. खिडकीची कड त्या जागी पांढरी राहिली आहे. बाकी सगळीकडे उन्हाने पिवळी पडली.

संध्याकाळी आम्ही सूप घेतलं. ते त्यांच्या खुर्चीवर, मी माझ्या. मी विचार केला की उद्या याच वेळी इथे एकच वाटी असेल. नुसता विचार केला. वजनकाट्यावर आकडा दिसावा तसा तो दिसला. वाईट वाटण्याची वाट पाहिली. मग भांडी घासली.

रविवार, २३

सकाळी भांडं ओट्यावर घेतलं. पाणी. तेल. मैदा. एका कोपऱ्यात मीठ, एक चमचा, सपाट. दुसऱ्या कोपऱ्यात साखर. बोटाने खळगा केला.

यीस्टचं पाकीट कात्रीने कापलं. मग त्याचं तोंड दुमडलं आणि खिशात ठेवलं.

का, ते मी लिहू शकत नाही. माझ्याकडे त्याच्या बाजूने एकही मुद्दा नाही. झाकण लावलं, बटण दाबलं.

बाबा आत आले. दाढी केलेली, कोट घातलेला, बूट चमकवलेले. "तुम्ही जा, तिला बसथांब्यावरून घेऊन या," म्हणाले. "मी बसतो मशीनपाशी. आज प्लगला हात लावणार नाही, शब्द देतो."

बसला उशीर झाला. ती उतरली. केस कापले आहेत. बरी दिसते. मी तिची पिशवी घेतली. चालताना तिने विचारलं, बाबा कसे आहेत, मी म्हटलं, तयार आहेत. तिने विचारलं, तू कसा आहेस. मी म्हटलं, ठीक. पुढच्या कोपऱ्यापर्यंत विचार करून म्हटलं, "कळत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. मागे वळून नाही पाहिलं.

घरी पोचलो तेव्हा मशीन भाजत होतं. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, फोटो काढायला बसावं तसे. बॅग दाराशी. तिने वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हवेचा वास घेतला. आपल्याच मशीनचा वास तिला ओळखू येत असणार.

बीप झाला. मी फडकं घेऊन भांडं काढलं, उलटं केलं. वीट. पहिल्या दिवशी झाली होती तशीच, डोकं बसकं, रंग फिकट.

"अरेरे," बाबा म्हणाले.

"अरेरे," मी म्हटलं.

"परवा किती छान झाला होता," बाबा म्हणाले. "नशीब. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण यांचं खरंच अंगण वाकडं आहे. मशीन मधूनच रुसतं."

"मधूनच," मी म्हटलं.

तिने सुरी घेतली. जोर लावून एक तुकडा कापला आणि तोंडात टाकला. चावला. थांबली. हळूच बाहेर काढून हातावर घेतला आणि नळाखाली पेला धरला. सगळं पाणी प्यायली. मग दुसरा पेला भरला, तोही प्यायली.

"कोरडा आहे का?" बाबांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "कोरडा नाही."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बाबा खिडकीकडे बघत होते, मी वजनकाट्याकडे. एकदा तिला हसू आलंय असं वाटलं, पण ती डोळे पुसत होती, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

"मग आता कसं करायचं?" ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "ठरलं तसंच. एक धड ब्रेड. माझा शब्द आहे, आणि तू माझी मुलगी आहेस, तुला शब्द म्हणजे काय ते मी सांगायला नको."

"एक झाला होता ना?"

"एका ब्रेडवरून काही ठरत नसतं."

तिने मला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे? तुझं नेहमी काहीतरी म्हणणं असतं."

मी उभा राहिलो. बोलायला उभं राहण्याची सवय. मग बसलो. म्हटलं, "राहू देत त्यांना."

एवढंच बाहेर आलं. आवाजही नीट नव्हता.

ती दुपारी जेवून निघाली. बॅग तिनेच आत नेऊन ठेवली. मी थांब्यापर्यंत गेलो. बसमध्ये चढताना पायरीवरून मागे वळून म्हणाली, "पुढच्या वेळी यीस्ट घाल."

खिशात हात घातला. पाकीट तिथेच होतं.

घरी आलो तर बाबांनी कोट काढला होता आणि रेडिओचा पेपर सोडत होते. "वक्ते," म्हणाले, "ती वीट टाकू नका."

म्हटलं, "दाराला एक आहे."

"दोन दारं आहेत ना घरात."

सोमवार, २४

सकाळी डेपोत जायच्या आधी स्वयंपाकघर आवरलं. शिट्टी मी काल बाबांच्या खुर्चीवर परत ठेवली होती, ती त्यांनी खिडकीत रेडिओशेजारी ठेवली आहे. अजून झोपले आहेत.

कालच्या ब्रेडचा एक तुकडा ताटलीत राहिला होता. तिने इतकं पाणी का प्यायलं ते बघावं म्हणून चाखला. जिभेला भाजल्यासारखं झालं. थुंकावा लागला. डोळ्यांत पाणी आलं. ते थांबेना, म्हणून थोडा वेळ बेसिनपाशीच उभा राहिलो.

मीठ मी एकच चमचा घातलं होतं. सुरीने सपाट केलेला.

खिडकीपाशी जाऊन पत्र्याचा डबा उचलला. हलका लागला. उघडला तर तळ दिसत होता.

कपाटातून मिठाचा नवीन पुडा काढला, डबा काठोकाठ भरला, झाकण सैल लावलं आणि होता तिथेच परत ठेवला, त्यांच्या हाताशी.